मधला दुभाष्या

बँकेच्या खिडकीपलीकडच्या बाई कळफलकावर चार बोटे मारतात आणि आपले नाव, शिल्लक सारे पडद्यावर उमटते. आपल्याला वाटते, यंत्राला सगळे पाठच आहे! तसे नाही हं. पडद्यावरचा प्रोग्राम निराळा आणि नावे-रकमा साठवणारे कोठार, म्हणजे डेटाबेस, निराळे. मध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. संगणकवाले त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. मोटारीशी त्याचा संबंध नाही.

कोठाराला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडली. पण भाषा एक असली तरी प्रत्येक कंपनीच्या कोठाराचे दार ठोठावण्याची रीत वेगळी. कोठार बदलले की प्रोग्रामची डागडुजी आलीच. यावर १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी काढले आणि १९९७ साली सन मायक्रोसिस्टम्सने जावा भाषेसाठी जेडीबीसी. युक्ती साधी. प्रोग्रामने एकाच ठरावीक पद्धतीने विचारावे. ज्या-त्या कोठाराचा दुभाष्या ते तिथल्या रीतीने आत पोचवील. कोठार बदलले तर दुभाष्या बदला, म्हणजे झाले! (निदान कागदावर तरी. पहिली दहा नावे मागायची तर मायएसक्यूएलमध्ये 'लिमिट' म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'टॉप'. असल्या खोडी दुभाष्या सहसा निस्तरत नाही.)

आता वसईचे डिसोझा घ्या. त्यांचे आडनाव रोमन लिपीत लिहिताना 'डी'नंतर वरच्या अंगाला एक स्वल्पविराम येतो. एसक्यूएलमध्ये नेमकी तीच मजकूर संपल्याची खूण! नाव आज्ञेतच चिकटवून धाडले, तर कोठार समजते की नाव 'डी'पाशी संपले आणि पुढची अक्षरे ही आज्ञा आहे. साध्या माणसाची यात अडवणूक होते. लबाड माणूस मात्र नावाच्या रकान्यात मुद्दाम आज्ञा लिहून कोठार लुटतो. जाणता प्रोग्रामर आज्ञा आणि नाव दुभाष्याच्या हाती वेगवेगळे देतो. मग नाव हे नावच राहते.

आपल्या मराठी मंडळींची गोष्ट आणखी नाजूक आहे. युनिकोड या जागतिक अक्षरयादीत देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही दुभाष्याला जुनी रोमन अक्षरयादीच नेमून दिली असेल, तर 'कुलकर्णी' पाहून तो गोंधळतो आणि न कळलेल्या प्रत्येक चिन्हाजागी एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. कोठारात कायमची नोंद होते ती प्रश्नचिन्हांची. त्यांतून कुलकर्णी परत काढता येत नाहीत. ते होते की देशपांडे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही!

पडद्यावर टोपीवाल्या रोमन अक्षरांची गिचमीड दिसली, तर मात्र धीर सोडू नये. बहुधा मूळ अक्षरे शाबूत असतात, फक्त चुकीच्या यादीने वाचली जातात. जाणकार ती अनेकदा सरळ करून देतो. प्रश्नचिन्हे दिसली, तर तिथेच उभे राहून नाव पुन्हा लिहून घ्या. आणि जुनी छापील पावती असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत घालू नका.