बंद म्हणजे किती बंद?

घरचे नेहमी विचारतात, "पाइपच दुरुस्त करायचाय ना? मग व्हॉल्व बंद करा आणि लागा कामाला. एवढा वेळ कसला घालवता?"

मंडळी, घरातला नळसुद्धा घट्ट बंद करून ठिबकतोच की! कारखान्यात मात्र ठिबकणारं कधी विषारी असतं, कधी पेट घेणारं. म्हणून पाइपांच्या जोडावर, दोन फ्लॅंजच्या मध्ये, एक भरीव पोलादी चकती घालतात. तिचं नाव ब्लाइंड. त्यातला एक प्रकार तर चक्क चष्म्यासारखा दिसतो: एक भिंग भरीव, दुसरं पोकळ. पोकळ भिंग बाहेर दिसलं की समजायचं, आतली वाट बंद आहे.

पण नुसतं झाकण लावून भागत नाही. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट आणि आगीत १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व दुरुस्तीसाठी काढला होता. पाइपच्या उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लॅंज होता, पण पुरता आवळलेला नव्हता. रात्रपाळीला याचा पत्ताच नव्हता. त्यांनी तो पंप सुरू केला. वायूगळती अशीच झाली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

म्हणून माझं मत असं, की बोल्ट नीट आवळणं आणि पुढच्या पाळीला निरोप देणं, ही दोन्ही कामं ब्लाइंड बसवण्यातच मोडतात. त्यात वेळ जातो? जाऊ द्यावा. त्या पाइपापुढे शेवटी कुणीतरी माणूसच बसलेला असतो.