स्टँड हलला तेव्हा आपण कुठे होतो?

राजुरीच्या माणसासाठी पुणे म्हणजे शिवाजीनगर. आमच्या जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. आळेफाट्याला यायचं, एसटी पकडायची आणि शिवाजीनगर स्टँडला उतरायचं. रेल्वे स्टेशन तिथून चार पावलांवर. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा पत्र्याची पेटी आणि अम्मीने दिलेला डबा घेऊन मी तिथेच उतरलो होतो.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी हा स्टँड वाकडेवाडीला हलवला गेला. मी तेव्हा पुण्यातच नोकरी करत होतो. फोनवर बातमी वाचली, मित्रांच्या ग्रुपवर पाठवली आणि विसरलो. घरी सांगायचं राहूनच गेलं. जानेवारीत अब्बा डोळे तपासायला आले आणि त्यांचा फोन आला, "बेटा, ये कौनसी जगह उतारा?" गुडघेदुखीचा माणूस, हातात पिशवी. चूक माझी होती.

व्यवस्था तात्पुरती होती. १ ऑगस्ट २०२३ ला शिवाजीनगरचं मेट्रो स्थानक सुरू झालं. स्टँड मात्र त्यानंतरही वाकडेवाडीतच राहिला. जुन्या जागेवर स्टँडसोबत व्यापारी संकुल उभारण्याच्या चर्चा होत राहिल्या.

मी मेट्रोच्या विरोधात नाही, रोज तिनेच जातो. पण सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट शिकलो. 'तात्पुरता' म्हणून केलेला जुगाड वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण ज्याला तो टोचतो तो मीटिंगमध्ये नसतो.

इथे मीटिंगमध्ये कोण नव्हतं? तालुक्यातून येणारा पेशंट. स्टँडच्या गर्दीवर पोट असलेला चहावाला, केळीवाली. याच मेट्रोसाठी कामगार पुतळा वस्तीतली कुटुंबं हलवली गेली. पर्यायी घरं हडपसर आणि विमाननगरला मिळाली. पक्कं घर मिळालं, हे चांगलंच झालं. पण शिवाजीनगरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काम काही तिच्यासोबत हडपसरला जात नाही.

अशा वेळी आपल्या मोहल्ल्यात दोन सूर ऐकू येतात. पहिला : हे मुद्दाम आपल्याच पोटावर चाललंय. दुसरा : विकास होतोय, गप्प बसा. स्टेशनबाहेर फळं, मोबाइल कव्हर विकणाऱ्यांत, रिक्षा चालवणाऱ्यांत आपली मुलं बरीच आहेत, हे खरं. पण त्यांच्या शेजारी बसणारा मोची आणि भाजीवाली मावशीही त्याच दिवशी उठतात. दोन्ही सूर सोयीचे आहेत, कारण दोन्हींत आपल्याला काहीच करावं लागत नाही.

करण्यासारखं मात्र आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही. शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक व अपंग विक्रेत्यांनाही प्रतिनिधित्व हवं. तुमच्या शहरात ही समिती आहे का, तिची निवडणूक झाली का, हे किती जणांना माहीत आहे? तसंच १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की ठरावीक मुदतीत कोणीही हरकती-सूचना देऊ शकतो. ती मुदत आपण बहुतेक वेळा फॉरवर्ड करण्यात घालवतो.

आपल्यातले कितीतरी जण आज इंजिनिअर, वकील, अकाउंटंट आहेत. नकाशा वाचता येतो, अर्ज लिहिता येतो. मग आपल्या गावाच्या एसटीपुरते तरी तीन प्रश्न लेखी विचारूया. नव्या स्टँडवर उतरल्यावर लोकलपर्यंत म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागेल? जुन्या फेरीवाल्यांची जागा नकाशात कुठे आहे? 'तात्पुरतं' संपण्याची तारीख कोणती? अर्ज मराठीत लिहा, स्वतःच्या नावाने द्या, पोच घ्या. आणि सोबत मोची, भाजीवाली मावशी यांच्याही सह्या घ्या.

माझा अर्ज लिहून तयार आहे. पहिली सही अब्बांची आहे.