बधिर बोटांचं कारण आधी शोधा

डिसेंबर-जानेवारीत मंचर परिसरात गारठा पडतो आणि रात्रीच्या लाईटवर कांद्याला पाणी भरणाऱ्यांची बोटं पहाटेपर्यंत कळेनाशी होतात. शेकोटीपाशी बसलं की बहुतेकांची पूर्ववत होतात. ज्यांची होत नाहीत, ज्यांना भर उन्हाळ्यातही पावलांना मुंग्या येतात, त्यांच्या हाती कुणीतरी 'रक्ताभिसरण वाढवणारा' डबा देतं. जिंकगो, लसणाचा अर्क, आर्जिनिन, नायसिन.

या डब्याबद्दलची खरी गोष्ट डब्यावरच छापलेली असते. अशा उत्पादनावर 'औषधी वापरासाठी नाही' हा इशारा २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक केला. तो ठळक मराठीत का नसावा?

चालताना पोटरीत गोळा येणाऱ्या रुग्णांवरच्या जिंकगोच्या चाचण्या कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये एकत्र तपासल्या. रुग्णाला जाणवेल असा फायदा आढळला नाही. उलट रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्तस्रावाची भीती वाढते. नायसिनने चेहरा लाल होतो, अंगात ऊब आल्यासारखी वाटते. पायाची तुंबलेली धमनी मात्र त्याने मोकळी होत नाही.

मंचर असो की जुन्नर, अशा बोटांमागची कारणं बहुधा ओळखीची निघतात. मधुमेह पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतो. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितलं. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी मुंग्या येतात, तेव्हा दोष रक्ताभिसरणाचा नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांत ही कमतरता शहरात आणि खेड्यांतही दिसली आहे. शाकाहारी माणसाला आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याला तिचा धोका जास्त. इथे पूरक गोळी खरोखर उपयोगाची, पण रक्त तपासल्यावर.

आणि तंबाखू. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये नीट वर्णन केलेला आजार ऐन तारुण्यात बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना गाठतो. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्यांनी बंद होतात, बोट काळं पडतं, कधी कापावं लागतं. तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय तो थांबत नाही. बिडी सोडून मिश्री धरली, तरी निकोटिन शरीरात जातच राहतं. एकीकडे बंडल आणि दुसरीकडे कॅप्सूल, हा खर्च घराला दोन्हीकडून लुटतो.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी दवाखान्यात शुगर तपासायला आलेल्या प्रत्येकाची पावलं उघडून बघावीत, पायाची नाडी चाचपावी. शंका आली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करावी. घोट्याच्या दाबाचं दंडाच्या दाबाशी गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं तर धमनी अरुंद झाल्याचं समजतं. याला मोठं यंत्र लागत नाही, रुग्णामागे थोडा वेळ लागतो. बोट निळं-काळं पडलं, जखम भरत नसली, किंवा एकच पाय अचानक गार पडून ठणकू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. अचानक गार पडलेल्या पायाच्या बाबतीत तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.