विचारलं, की काम अडत नाही

टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मांबलम स्टेशनातून निघालेला लोंढा साड्या-भांड्यांच्या दुकानांमधून वाट काढत उस्मान रोडला मिळतो. एवढ्या गर्दीतही, तिथल्या एखाद्या कचेरीत महाराष्ट्रातून नव्याने आलेला हिशेबनीस एकटा पडू शकतो. तमिळ येत नाही, इंग्रजी बोलताना जीभ अडखळते आणि साहेबांना पुन्हा पुन्हा विचारायचा संकोच वाटतो.

अशा वेळी ई-मेलचा मोठा आधार होतो. लिहिताना विचार करायला उसंत मिळते, उच्चारांना कुणी हसत नाही आणि काय ठरलं याची नोंद राहते. आपल्या व्यवसायातल्या चर्चागटात सामील झालं, तर कचेरीबाहेरचे जाणकारही सल्ल्याला मिळतात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पहिल्या शहरांत चेन्नई, म्हणजे तेव्हाचं मद्रास, होतं. पुढे १९९८च्या पोंगलला 'प्रोजेक्ट मदुराई' उभा राहिला. जुनं तमिळ साहित्य संगणकावर आणून सर्वांना विनामूल्य द्यायचं, हे त्याचं काम. सूत्रं सांभाळली स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे रसायनशास्त्रज्ञ के. कल्याणसुंदरम आणि अमेरिकेतले पी. कुमार मल्लिकार्जुनन यांनी. देशोदेशीच्या स्वयंसेवकांपैकी कुणी मजकूर टाइप करी, कुणी तो तपासून देई. ना पगार, ना साहेब; तरी पत्रांपत्रांतून कामाची वाटणी झाली आणि ग्रंथ उभे राहिले.

नोकरीतही हीच शिस्त उपयोगी पडते. एका पत्रात एकच प्रश्न असावा. विषय स्पष्ट लिहावा. काय करून पाहिलं आणि नेमकं कुठे अडलं, तेही सांगावं. ग्राहकाचं नाव आणि कंपनीचे आकडे मात्र चर्चागटात कधीच नेऊ नयेत. मालकाचा विश्वास एकदा गेला, की परत येत नाही. उत्तर मिळालं, की आभाराबरोबर तोडगा कसा लागू पडला हेही कळवावं. पुढच्याची खटपट वाचते.

आणि फक्त घेत राहू नये. आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगितलं, की नाव ओळखीचं होतं. पुढच्या नोकरीची वार्ता पुष्कळदा अशाच ओळखीतून येते.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सकाळी 'वणक्कम' म्हणायला मात्र ई-मेल लागत नाही. ते तोंडानेच म्हणावं.