खरे, खोटे आणि शाबीत न झालेले

सराफाच्या पेढीवर कोणी पिवळी चकचकीत वस्तू आणून ठेविली, तर तेवढ्यावरून सराफ ती सोने म्हणून विकत घेत नाही. तो ती कसोटीवर घासतो, तोलून पाहतो, आणि मगच बोलतो. अडत्याच्या दुकानी गूळ येवो की तूर येवो, नमुना पाहिल्यावाचून सौदा होत नाही. व्यवहारात इतका सावध असलेला हा शहाणा मनुष्य, पैशाचा प्रश्न संपून बातमीचा प्रश्न आला म्हणजे मात्र आपली कसोटी गल्ल्यात बंद करून ठेवितो. अमक्या औषधात विष आहे, तमके लोक मुले पळवितात, हे आपण कोठून ऐकले असे त्यास विचारावे, तर ‘सगळेच म्हणतात’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. सगळ्यांनी म्हटल्याने पितळेचे सोने होत नाही, हे ज्यास पेढीवर कळते त्यास ते कट्ट्यावर का कळू नये?

याचे कारण असे की, ज्ञान आणि नुसता समज ही दोन्ही मनास सारखीच खात्रीची वाटतात. खात्री किती दृढ आहे यावरून त्यांतील भेद कळत नाही; ती कशावर उभी आहे, एवढ्यावरूनच कळतो.

न्यायालयात हा भेद रोज करावा लागतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने गोष्टींचे दोन नव्हे, तीन वर्ग केले: शाबीत झालेली, खोटी शाबीत झालेली, आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तथापि हे तीन वर्ग नव्या कायद्यातही कायम आहेत. समोर आलेल्या सर्व बाबी पाहून न्यायालयाची खात्री पटली, अथवा समंजस मनुष्याने खरी धरून त्यावर वागावे इतकी ती गोष्ट संभवनीय दिसली, म्हणजे ती शाबीत. कायदा गणितातली निश्चिती मागत नाही. आधार मात्र मागतो. हा विचार आम्हांस परक्यांनीच शिकविला असेही कोणी समजू नये. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत निर्णयाप्रमाणेच संशयालाही स्वतंत्र स्थान आहे. संशय म्हणजे मनाचा दुबळेपणा असे आमच्या नैयायिकांस वाटत नव्हते. निर्णयाकडे जाण्याची ती त्यांस पायरी वाटत होती.

हा तिसरा वर्ग पुसून टाकिला म्हणजे काय होते, ते मुंबई इलाख्याने प्लेगच्या साथीत भोगिले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखिला. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे सापडला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र शाबीत झालेले नव्हते. पण ‘आम्हांस ठाऊक नाही’ असे म्हणण्याची तयारी ना राज्यकर्त्यांची होती, ना लोकांची. इस्पितळात रोग्यांस मारून टाकितात अशी आवई उठली, आणि त्याच ऑक्टोबरात गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. तिकडे घाण आणि दूषित घरे हेच रोगाचे मूळ असे धरून सरकारने घरे धुऊन काढिली, सामान जाळिले, लोकांस जबरीने वेगळे केले. त्या जुलमाने पेटलेल्या संतापातून २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. लोकांच्या समजास अफवा म्हटले गेले आणि सरकारच्या समजास हुकूम. आधार दोहोंचाही तोकडाच होता.

पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीस एक प्रयोग केला. प्लेगने आजारी झालेला व अंगावर पिसवा असलेला उंदीर त्याने एका बरणीत ठेविला, आणि जाळीपलीकडे एक निरोगी उंदीर ठेविला. दोघांचा स्पर्श झाला नाही. तरी निरोगी उंदीर प्लेगने मेला. रोग पिसवा नेतात, असे अनुमान सिमों याने मांडिले. पुरावा थोडा होता हे खरे. म्हणूनच ही गोष्ट शाबीत न झालेली म्हणून बाजूस ठेवून नेटाने तपासावयास हवी होती. परंतु सरकारी प्लेग कमिशनास ती विचार करण्याजोगीही वाटली नाही. शाबीत न झालेल्या गोष्टीस त्यांनी खोटी ठरविले. १९०५ साली नवे मंडळ नेमून मुंबईस परळ येथे प्रयोग झाले, तेव्हा सिमोंचे म्हणणे खरे निघाले. मधल्या वर्षांत साथ माणसे नेतच होती.

याच्या उलट चूक पंजाबातील मुलकोवाल गावाच्या प्रकरणात झाली. १९०२ च्या ऑक्टोबरअखेर तेथे १०७ लोकांस प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले, आणि ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. लस डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेतील होती. १८९७ च्या जानेवारीत हीच लस त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. आता बाटलीत दोष शिरला तो प्रयोगशाळेत, की गावी ती उघडताना? बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करिताच वापरला गेला, ही माहिती पुराव्यात होती. तरीही चौकशी मंडळाने प्रयोगशाळेवर ठपका ठेविला व हाफकिन यांस आपली जागा गमवावी लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या निर्णयातील उणिवा जाहीरपणे दाखविल्या, तेव्हा कोठे १९०७ साली त्यांच्यावरील डाग पुसला गेला. परळच्या ज्या संस्थेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले, तिचाच जनक पाच वर्षे शाबीत न झालेल्या आरोपाखाली वावरला.

ही जुन्या काळची गाऱ्हाणी झाली, असे कोणी म्हणेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे काय झाले? नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा भ्रमणध्वनीवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांस ठार मारिले. ते कोण, कोठले, हे सांगण्यास त्यांच्यापाशी तोंड होते. ऐकून घेण्यास जमावापाशी धीर नव्हता. १८९६ ची आवई तोंडोतोंडी चालत गेली, २०१८ ची क्षणात गावोगाव पोचली, एवढाच काय तो सुधारणेचा फरक!

आता कोणी म्हणेल की, प्रत्येक गोष्टीस पुरावा मागत बसलो तर संसार चालावयाचा नाही, आणि देवधर्मही उरावयाचा नाही. आमचे म्हणणे तसे नाही. मनुष्याने आपल्या देवावर ठेविलेली श्रद्धा त्याची त्याने पाहावी. तीस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु ज्या समजावरून आपण दुसऱ्याचा जीव, अब्रू किंवा पोट यांस हात घालणार, तो समज खासगी राहत नाही. तेथे पुरावा मागणे हे आपले कर्तव्यच ठरते. कायद्याचे तारतम्य येथेही लागू करावे. देण्याघेण्याच्या दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय एवढे पाहून निकाल देतात. फौजदारी आरोपात वाजवी संशयास जागा उरता कामा नये. परिणाम जितका भयंकर, तितका आधार भक्कम हवा.

एवंच, आमची आमच्या वाचकांस एवढीच सूचना आहे. एखादी बातमी कानी आली म्हणजे ती पुढे सांगण्यापूर्वी विचारावे की, हे प्रत्यक्ष पाहिले कोणी? सांगणारा स्वतः पाहणारा आहे, की तोही ऐकणाराच? ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ती बातमी खरीही म्हणू नये, खोटीही म्हणू नये. ‘अद्याप ठाऊक नाही’ असे स्पष्ट सांगावे व तपास करावा. असे म्हणण्यात कोणाचीही मानहानी नाही. न्यायाधीशही जेथे भर न्यायासनावरून ‘शाबीत नाही’ असे म्हणतात, तेथे आपण बाजारात तसे म्हणण्यास का लाजावे?