रंग नवा लावला, तर तसं सांगा

जुन्या खेळण्यातल्या गाड्यांचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, यात धंदा हाय का?" आहे. पण माझी चूक आधी ऐका.

'बॅटमॅन' ही टीव्ही मालिका १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. त्याच वर्षी ब्रिटनच्या कॉर्गी कंपनीनं तिच्यातली काळी बॅटमोबील धातूत ओतून बाजारात आणली, मॉडेल नंबर २६७. सोबत प्लास्टिकची १२ रॉकेटं. पोरांनी ती हरवली, डबे फाडले. म्हणूनच आज सगळं शाबूत असलेल्या गाडीला मोठा भाव आहे.

मला अकोल्यातल्या एका घरातून अशी गाडी मिळाली. रंग उडालेला, रॉकेटं गायब. तळाचे रिव्हेट ड्रिलनं काढले, जुना रंग उतरवला, प्रायमर मारला, काळा स्प्रे दिला, नवी रॉकेटं बसवली. एकदम चकाचक! अमरावतीच्या माझ्या दुकानातून एका काकांनी ती नेली. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी काका परत आले. गाडी उलटी धरून म्हणाले, "रिव्हेटच्या जागी स्क्रू कसे आले रे भाऊ?" पैसे लगेच परत केले. पण त्यांच्याकडं मान वर करून पाहता आलं नाही.

गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून गप्प बसणं, हीपण फसवणूकच. आणि सांगितल्यानं माल पडून राहत नाही. डिंकी कंपनीचे जुने साचे कलकत्त्यात आले, त्यांतून 'निकी टॉईज' निघाल्या. आज शौकीन लोक त्या निकी म्हणूनच शोधतात, जपतात.

आता माझे नियम:

१. मूळ रंग बरा असेल तर फक्त साफसफाई. नव्या रंगानं भाव उतरूही शकतो.
२. कामाआधीचे फोटो ठेवायचे.
३. काय बदललं, ते कार्डावर लिहून गाडीसोबत द्यायचं.
४. आपले तास धरायचे. समजा गाडी ८००, सामान ४५०, सहा तासांचे १५० प्रमाणे ९००. झाले २१५०. त्याखाली विकली तर तो छंद, धंदा नाही.

काका अजूनही दुकानात येतात. आधी कार्ड वाचतात, मग गाडी हातात घेतात. भेटू पुढच्या व्हिडिओत!