रेतनं मोजू नका, वासरं मोजा

दूध दर दोन रुपयांनी पडला की रस्त्यावर दूध ओतलं जातं, फोटो येतात, बातमी होते. गाय तिसऱ्यांदा उलटली याची बातमी झालेली कधी बघितलीय का? मी तालुक्यातल्या गावांतून कायम फिरतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की दोन-तीन गाईंवर घर चालवणाऱ्या माणसाला दराइतकंच या उलटण्याने खाल्लंय.

हिशेब करा. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. रेतन वाया गेलं की हे 21 दिवस गेले. वैरण-पेंडीचे दिवसाला 150 रुपये धरा (कमीच धरलेत), 3150 झाले. तीनदा उलटली तर साडेनऊ हजाराच्या घरात. वर प्रत्येक वेळची फी, आणि पुढचं वेत दोन महिने लांबलं ते वेगळंच. चाळीस गाईवाल्याची एक भाकड राहिली तर तो विकून मोकळा होतो. दोन गाईवाल्याचा अर्धा गोठा बंद पडतो.

आता सेवा बघा. जनावर पहाटे, रात्री कधीही माजावर येतं. दवाखाना मात्र ऑफिसच्या वेळेत उघडणार, आणि रविवार आला की संपलंच. माज टिकतो 12 ते 18 तास. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरायची, हा जुना साधा नियम. बऱ्याचदा माज आधी घरातल्या बाईच्या लक्षात येतो, पण डॉक्टरचा नंबर मालकाच्या मोबाईलमध्ये आणि मालक बाजारात!

कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला असते. ती 37 अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवायची असते. त्यासाठी साधा थर्मामीटर लागतो. मी गोठ्यावर काय बघतो? चहाच्या कपात कोमट पाणी आणि त्यात बोट बुडवून अंदाज. त्यात आता कालवडच होणारी महागडी कांडी आलीय. साध्या कांडीत 2 कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, हिच्यात 20-40 लाख. म्हणजे हाताळणीतली चूक इथे जास्त महागात पडते. हे शेतकऱ्याला कोण सांगतं? त्याला फक्त '90 टक्के कालवड' एवढंच सांगितलं जातं. आधी गाय गाभण राहिली तर ना!

लगेच गाडीवर फिरणाऱ्या पोरांना शिव्या घालू नका. पेट्रोल त्यांचं, ऊन-पाऊस त्यांचा, आणि कंटेनरमधलं नायट्रोजन वेळेवर मिळेल याची खात्री नाही. खोट मोजणीत आहे. सप्टेंबर 2019 मध्ये राष्ट्रव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रम सुरू झाला. कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर मोबाईलवरून नोंद होऊ लागली. चांगलंच झालं. पण आढावा बैठकीत साहेब पहिलं विचारतात, 'रेतनं किती?' आणि गंमत बघा, तीनदा उलटलेली गाय उद्दिष्टात तीन रेतनांची भर घालते. पहिल्याच वेळी गाभण राहिली तर एकच! शेतकऱ्याचं नुकसान हीच यांची प्रगती.

म्हणून नवी योजना नकोच. रेतनानंतर 60 ते 90 दिवसांत गाभण तपासणी सक्तीची करा, ती न करता रेतन उद्दिष्टात धरू नका. गाभण जनावर आणि जन्मलेलं वासरू यावर मानधन वाढवा. रविवारी कोण येणार त्याचा नंबर दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लिहा. संघ दुधाचा फॅट पॉइंटमध्ये मोजतात, मग आपल्या सभासदांच्या गाई किती वेळा उलटतात हे मोजायला काय अडचण आहे?

आणि शेतकरी मित्रांनो, रिकामी कांडी मागून घ्या. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो. तारीख टाकून वहीत चिकटवा. डॉक्टर नाराज झाला तर होऊ द्या, गाय तुमची आहे.

आमच्या तालुक्यात वर्षभरात किती रेतनं, किती गाभण तपासण्या, किती वासरं, हे मी माहिती अधिकारात लेखी विचारलंय. पहिला आकडा तोंडी लगेच मिळाला. बाकीचे दोन आले की इथेच टाकतो.